काकडी, काठी आणि कणगी

एका गावात एक भोळा भक्त होता. देवाचा नव्हे, मोबाइलचा. नाव सटूप्पा. जगातलं सगळं ज्ञान त्याच्या खिशात होतं. तिथून डोक्यापर्यंत जायला तेवढी वाट नव्हती.

कुठल्या देशात कोंबडी पेटी वाजवते, कुठं कुणी उशीशी लग्न लावलं, हे त्याला ठाऊक. स्वतःची म्हैस दारात आहे की दुसऱ्याच्या उसात, हे मात्र शेजाऱ्यांनी सांगावं लागायचं.

धाकट्या बहिणीचं, रेणुकाचं, लग्न जमत आलं होतं. परशराम नावाचा मुलगा तिच्या मनात भरला होता. रविवारी त्याला घेऊन त्याचे वडील कल्लाप्पा घर बघायला येणार होते. ते हो म्हणाले की सुपारी फुटणार.

आई म्हणाली, "सटू, तेवढा रविवार शहाण्यागत वाग."

"रोज वागतोय तसंच की," सटूप्पा म्हणाला. आईला तीच भीती होती.

शुक्रवारी म्हैस भर वाटेत बसली. आई म्हणाली, "जा, उठीव तिला."

सटूप्पानं फोनवर बघितलं होतं, मांजराच्या मागं गुपचूप काकडी ठेवली की मांजर उडतं. लाखो लोकांनी बघितलेलं. लाखो लोक काय खुळे असतात? त्यानं घरामागच्या परड्यातली काकडी आणून म्हशीच्या मागं ठेवली आणि लांब सरकला. म्हैस उडून अंगावर पडायला नको. म्हशीनं मान वळवली, काकडी खाल्ली आणि दुसरीची वाट बघत बसली.

"अरं बाबा," आई म्हणाली, "उठत नसलं की काठीनं दोन हाणायच्या."

"मग आधी सांगायचं की."

शनिवारी फोन उठेना. सटूप्पानं काठी आणली. दोन हाणल्या. फोन उडाला, अगदी मांजरासारखा, आणि हौदात पडला.

रेणुका म्हणाली, "दादा, फोनला कुणी मारतंय व्हय? आता ओला झालाय, तर आधी बंद कर. बॅटरी काढ. तांदळात पूर. आणि एक दिवस हात लावू नको."

"मग आधी सांगायचं की."

रविवारी काच फुटलेला फोन चालू झाला. सटूप्पानं शिकवण मनात पक्की बसवली.

दुपारी पाहुणे आले. कल्लाप्पांना कमी ऐकू यायचं, म्हणून कानात यंत्र. आई आत भजी तळत होती, रेणुका साडी नेसत होती, परशराम बाहेर गाडी लावत होता. कल्लाप्पा पाय धुवायला हौदावर गेले, शेवाळावरून घसरले आणि आत पडले.

सटूप्पानं त्यांना बाहेर काढलं. कल्लाप्पा आरडाओरडा करत होते.

म्हणजे चालू होते. सटूप्पानं टॉवेल घेतला आणि तोंड बांधून त्यांना आधी बंद केलं. मग कानातलं यंत्र काढून त्यातला सेल बाजूला ठेवला. तांदळाच्या डब्यात माणूस मावणार नव्हता. पण सोप्यात भात साठवायची उंच कणगी होती. भात काय, टरफलातला तांदूळच. त्यानं कल्लाप्पांना गळ्यापर्यंत कणगीत पुरलं आणि डोक्यावर सूप ठेवलं.

आई चहा घेऊन आली. परशराम म्हणाला, "आप्पा कुठं दिसत नाहीत?"

"वाळायला घातलेत," सटूप्पा म्हणाला आणि सूप उचललं.

आईच्या हातातला चहा सांडला. परशरामनं वडिलांना ओढून काढलं. कल्लाप्पांनी तोंडावरचा टॉवेल फेकला, मिशीतलं भात झाडलं आणि वहाणा शोधू लागले. दाराआडून रेणुका रडवेल्या आवाजात म्हणाली, "दादा, काहीतरी बोल, थांबव त्यांना."

सटूप्पा धावत गाडीपाशी गेला.

"परशराम, घाई करू नका. एक दिवस तरी राहू द्या त्यांना. उद्या चालू करून बघू." मग त्यानं प्रेमानं परशरामच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि नाहीच चालू झाले, तर तालुक्याला माझ्या ओळखीचं दुकान हाय. जुनं देऊन नवं मिळतंय."