वाघाचं पान

प्राध्यापक विद्वांस पाड्यावर आले ते तिथल्या चालीरीती वहीत उतरवायला, पण थाट असा की त्या आपल्याला आधीच ठाऊक आहेत. सोबत पत्नी होती. पाड्यावरच्या सोमीआजीने दोघांना कोरा चहा दिला.

"रानात वाघाचं नाव का घेत नाही तुम्ही?" विद्वांसांनी विचारलं.

"नाय घेत. मामा म्हणतो आमी त्याला."

"म्हणजे घाबरता!" विद्वांसांनी 'अडाणी भीती' असं लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. हे पुस्तकात छापून येणार, उद्या नातवंडं शाळेत वाचणार, या विचाराने आजी कळवळली. ती बाईंकडे वळली.

"बाय, तुझ्या घरधन्याचं नाव काय गं?"

बाई लाजल्या. "इश्श! ह्यांचं नाव कसं घेऊ?"

"एवढी घाबरतेस?"

"घाबरतेय कसली! आपलं माणूस आहे, मान नको ठेवायला?"

"मंग सायेब," आजी म्हणाली, "मामाबी आमचाच हाय. एक तर आमच्यापुढं 'मान' लिवा, नायतर बाईपुढंबी 'अडाणी भीती' लिवा."

बाई पदराआड खुदकन हसल्या. विद्वांसांनी ओळ खोडली.

संध्याकाळी रानातून परतताना झुडूप हललं, तसा त्यांनी बायकोचा हात धरला आणि ते पुटपुटले, "मामा तर नसतील ना?"