रिकाम्या घागरी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे असत, आणि त्यांना तहानही राजेशाही लागे. अशाच एका राजाचे मद्याचे कोठार एका गावाबाहेरच्या टेकडीवर होते. मोहाची कडक दारू शेकडो रांजणांत मुरत पडलेली. तिथला राखणदार एकटाच राही. स्वतः थेंब घेत नसे, दुसऱ्याला देत नसे. मग त्याच्याकडे कोण कशाला येणार? दिवाळीला तो फराळाचे ताट मांडून दाराकडे बघत बसे आणि संध्याकाळी ते स्वतःच संपवी.

एका दुपारी कोठाराला आग लागली. राखणदार टेकडीवरून ओरडला. गावचा रिवाज असा, की आग कुठेही लागो, घरटी एक घागर निघायचीच. पाहता पाहता सारे गाव टेकडी चढू लागले. बारा वर्षांत त्याच्या दारी एवढी माणसे आली नव्हती. आग विसरून तो क्षणभर सुखावला.

मग त्याने घागरींत डोकावून पाहिले. सगळ्या रिकाम्या.

"अरे, पाणी कुठाय?"

"पाणी कशाला, दादा? फुटक्या रांजणांखाली घागरी लावतो. राजाचं तेवढंच नुकसान कमी!"

"धूर वर चाललाय," दुसरा म्हणाला. "आज देवांना चढणार. यंदा पाऊस तिरपा पडतोय बघा."

एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नवऱ्यापेक्षा हे कोठार बरं. जन्मात एकदाच पेटलं."

गाव पोट धरून हसले आणि घागरी भरून खाली उतरले. राखणदाराने एकट्याने झोपडीजवळच्या विहिरीचे पाणी शेंदून निदान आपली झोपडी वाचवली. त्यात उजवा हात भाजला. तो कुणाला दाखवावा, हे त्याला सुचेना.

राजाचे शिपाई झडतीला येतील म्हणून लोकांनी दारूच्या घागरी पाण्याच्या घागरींतच मांडून ठेवल्या. आठ दिवसांत वासाची इतकी सवय झाली, की गावाची नाके निकामी झाली.

नवव्या दिवशी पाटलांच्या चुलीतली ठिणगी छपरावर उडाली. रिवाजाप्रमाणे घरटी एक घागर धावली. या वेळी सगळ्या भरलेल्या होत्या. पहिल्या चार ओतल्या मात्र, ज्वाळा शेजारच्या दोन छपरांवर गेल्या. आपल्या घागरीत पाणी की दारू, हे वासाने कळेना; मग ती ओतायची कुणाची छाती होईना. गावची विहीर तर लांब, ओढ्यापलीकडे.

तेवढ्यात टेकडीवरून राखणदार धापा टाकत आला. खांद्यावर घागर होती.

"वास घेत बसू नका, पाणीच आहे. बाकीचं माझ्या विहिरीवर. चला!"

आग विझली तेव्हा तीन घरे गेली होती. राखणदाराच्या हाताची चिंधी सुटली होती. पाटलांचे तिकडे लक्ष गेले.

"अरेरे! आमच्यापायी केवढा भाजलास रे!"

"हा मागच्या आगीतला, पाटील," तो म्हणाला, आणि रिकामी घागर उचलून एकटाच टेकडी चढू लागला.

त्या दिवशी गावात कुणालाही विनोद सुचला नाही.

लहानथोरांनी एवढेच ध्यानात ठेवावे: शेजाऱ्याच्या आगीला जो रिकामी घागर नेतो, तो आपल्या आगीसाठी दारू भरून ठेवत असतो.