पाटीवरचा एक शब्द

केराबाईंच्या तमाशाचा तंबू जत्रेत उभा राहिला आणि पालकमंत्री तणतणतच आले.

"बाई, तुमच्या वगातला प्रधान म्हणे लाच खातो! आज तो प्रामाणिक दाखवा, नाहीतर परवाना रद्द."

"दाखवते की साहेब," म्हणत बाईंनी फडकं ओलं केलं आणि तंबूबाहेरच्या 'सामाजिक वगनाट्य' या पाटीवरचा पहिला शब्द पुसायला घेतला.

"हे कशाला?"

"आता 'पौराणिक' लिहावं लागंल. प्रधान लाच खात होता तोवर खेळ सामाजिक होता. प्रामाणिक प्रधान म्हटल्यावर थेट सत्ययुगात जावं लागतंय की!"

तिकिटाच्या रांगेत हशा पिकला. मंत्र्यांनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा रांगेकडं.

"पुसू नका बाई," ते हळूच म्हणाले, "सामाजिकच राहू द्या."