बारा कोरे ठोके

“पण या बारा ठोक्यांत वाजवायचं काय, मास्तर?”

राडेकने स्वरलिपीचं पान पुढे धरलं. ऐंशी वादकांसाठी लिहिलेली सिंफनी. मधोमध बारा संथ ठोके कोरे. एकाही वाद्याला एकही सूर नाही.

“काही नाही,” वोंद्रा मास्तर म्हणाले.

प्रागपासून दूर, मोराव्हियातल्या एका खेड्यात, चर्चमागच्या खोलीत ते एकटे राहत. रविवारी प्रार्थनेला ऑर्गन वाजवत. एकेकाळी प्रागमध्ये मोठा वाद्यवृंद त्यांच्या हाताखाली होता. मग त्यांनी सरकारविरुद्धच्या एका पत्रकावर सही केली आणि तो वाद्यवृंद हातून गेला. ओळखीची माणसं त्यांना बघून रस्ता ओलांडू लागली. त्यांचा लाडका शिष्य राडेकसुद्धा.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली होती. आता राडेक त्याच वाद्यवृंदाचा संचालक होता. मास्तरांची सिंफनी सादर करायची परवानगी त्यानेच मिळवली होती, आणि आल्या आल्या ते दोनदा सांगूनही झालं होतं.

“लोकांना वाटेल, वादक चुकले. खोकायला लागतील. कुणी टाळ्याही वाजवेल. मी हे ठोके काढून टाकतो.”

“आधी करून बघ.”

“काय?”

“ते बारा ठोके. इथेच.”

राडेक हसला. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवरून उठला. ठोके द्यायला हात उचलला. पलंगावर बसलेल्या मास्तरांनीही उचलला.

एक... दोन... तीन...

बाहेर पावलं वाजली. जवळ आली. राडेकची मान दाराकडे वळली. पावलं न थांबता पुढे गेली.

सात... आठ...

राडेकचा हात आपोआप खाली आला.

मास्तरांचा वरच होता. त्यांची नजर दारावर होती.

बारा झाल्यावर त्यांनी तो सावकाश मांडीवर ठेवला.

राडेक परत खुर्चीवर बसला.

“मास्तर... मी तेव्हा यायला हवं होतं.”

मास्तरांनी पानाची नीट घडी करून ते त्याच्या हातात दिलं.

“वादक विचारतील...” राडेक अडखळला. “इतका वेळ वाट बघायची, ती कुणाची? काय सांगू त्यांना?”

“ते मला माहीत असतं,” मास्तर म्हणाले, “तर तिथे सूर लिहिले असते.”