खाचरातली कोरी जागा

“...म्हणजे नक्की कुठं राहायचं? एवढंच सांगा की, आबा.”

धुळा आबांनी मान वर केली नाही. ते लोकर कातत होते. चाती गरगर फिरत होती आणि म्हातारा तिच्याकडेच बघत होता.

आबा त्या धनगर तळाचे कारभारी. दिवाळी झाली की ही माणसं माणदेशातून मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या घेऊन घाट उतरतात. पावसाच्या तोंडावर परत वर जातात. मधले महिने कोकणात. आज या शेतात, उद्या त्या शेतात. मुक्काम कुठं करायचा हे ठरवणं, हेच कारभाऱ्याचं काम. आबांनी चाळीस वर्षं तेवढंच केलं होतं.

म्हणून तर मी त्यांना विचारत होतो.

“किती ठिकाणी राहून आलास?” आबांनी विचारलं.

“सहा.”

मी मोबाइल पुढं धरला. एकेक फोटो दाखवला.

“हे कौलारू घर. चुलीवरची भाकरी, मालकीणबाई नऊवारीत. फोटो काढून झाले आणि बाई आत जाऊन गाऊन घालून आली. हे दुसरं. पाहुणे असले तर संध्याकाळी जाखडी नाचतात. मी एकटाच होतो, तर म्हणाले, एकट्यासाठी परवडत नाही. आणि हे रस्त्यावरचं, परवाचं. दारात बैलगाडी आहे. बैल नाहीत.”

“मग काय खोटं हाय त्यात?”

“सगळंच. मला इथली माणसं जशी जगतात तसं बघायचंय. खरं.”

“बघायचंय.”

“हो.”

“मग बघ की.”

चाती फिरतच होती.

माझं डोकं फिरलं. मोठ्या माणसांची ही जुनी खोड. सरळ विचारावं तर वाकडं उत्तर. कॉलेज सोडलं तेव्हा वडिलांना विचारलं होतं, आता मी काय करू? तर म्हणाले, आमच्या वेळी असले प्रश्न नव्हते. प्रश्न होते. विचारायची टाप नव्हती, इतकंच.

“आबा, मला तुमच्याबरोबर राहू द्या. पाऊस पडेपर्यंत.”

“आणि न्हाई म्हटलं तर?”

“तर पुणं. वडिलांनी कॉलेजात परत बोलून ठेवलंय. सोमवारी जाऊन बसायचं.”

“घर हाय म्हण की.”

“आहे. मला वेगळी खोलीसुद्धा आहे. पण तिथं मी असलो काय न् नसलो काय... कुणाचं काही अडत नाही.”

चाती थांबली. आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“एक रात,” ते म्हणाले. “सकाळी बघू.”

तोवर त्यांची सून ठकूबाई अख्खा संसार दोन घोड्यांवर लादत होती. भांडी, घोंगडी, कोंबड्यांचं खुराडं, काल जन्मलेली दोन कोकरं. आबा बसूनच.

“तुम्ही हात नाही लावत?” मी विचारलं.

“बायकांचं काम हाय ते.”

“कुणी ठरवलं?”

घोड्याच्या पलीकडून ठकूबाई बोलली, “ऱ्हाऊ द्या भाऊ. ह्यांनी मारलेली गाठ निम्म्या वाटंत सुटती.”

आबा हसले नाहीत. काठी घेतली आणि चालायला लागले. मी मागून. कारभाऱ्यानं पुढं जाऊन जागा बघायची, मेंढरं नंतर येतात.

कोसभर चालल्यावर आबा थांबले. “दाव बोट. आज कुठं बसायचं ते तू सांग.”

मी खूष. त्यासाठी तर आलो होतो. चारी बाजूंना बघितलं. नदीच्या काठाला एक शेत होतं, हिरवंगार, कडेला मोठा आंबा, मागं देऊळ.

“ते.”

“का?”

“पाणी आहे, सावली आहे. मेंढरांना चाराही आहे. आणि... छान आहे.”

“चारा न्हवं त्यो. वाल हायेत. भात काढून पेरल्यात. मेंढरं घातली तर मालक तुला आंब्याला टांगंल, आन् मला बघायला बसवंल.”

पुढं मी दुसरं शेत दाखवलं. वाल नव्हते, हे आधी बघून घेतलं. आबांनी वाकून माती उचलली, चोळली, टाकून दिली.

“ह्येचं पोट भरलंय. कोन तरी मेंढरं बसवून गेलंय.”

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. थेट डांबरी रस्त्याला लागले आणि एका भाताच्या खाचरापाशी उभे राहिले. भेगाळलेली जमीन, वाळकी धसकटं, बांधाला उडून अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पलीकडे भला मोठा बोर्ड. ‘अस्सल कोकणी संस्कृतीचा अनुभव घ्या.’ बैल नसलेली बैलगाडी मला तिथूनही दिसत होती.

“इथं?” मी म्हणालो. “अहो, याच्या समोर मी परवा राहिलोय.”

“मग वळखीचं हाय.”

“पण हेच का?”

“ह्येचा मालक काल चालत बोलवाय आला हुता.”

मला काही कळलं नाही. बोलावलं म्हणून कुठंही जायचं? मग चाळीस वर्षं यांनी निवडलं तरी काय?

शेताचा मालक काशीराम शेडगे, साठीचा, बांधावर वाट बघतच होता. त्यानं आबांना विचारलं, मेंढरं किती, कोकरं किती, रात्री एका कोपऱ्यात गोळा होतात की पसरून बसतात. मग माझ्याकडे बघितलं.

“हा कोण?”

“पाव्हणा हाय,” आबा म्हणाले.

“काय करतो?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मीही आबांकडे बघितलं.

“राहायला आलोय,” मी म्हणालो.

“ते झालं रं. पण करतो काय?”

पावसाआधी शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्या न् मूत मातीत मुरवायचं, बदल्यात धनगरांना भात द्यायचं, असा त्यांचा व्यवहार. त्यात माझा कुठं मेळ लागत नव्हता.

दिवस कलला तशी मेंढरं आली. ठकूबाईनं बांधावर तीन दगड मांडून चूल पेटवली. घोंगडीही बांधावरच टाकली.

“माझा तंबू कुठं लावू?”

“आमी बांधावर टेकतो,” आबा म्हणाले. “तुझं तू बघ.”

बांधावर झोपायचं आणि म्हणायचं मेंढरांबरोबर राहतो! मी तंबू खाचराच्या मधोमध लावला. चारी बाजूंना मेंढरं. याहून आत कोण जाणार? ठकूबाई काही तरी बोलणार होती. आबांनी हातानं तिला थांबवलं.

चेन लावली आणि झोपलो. चांगली झोप लागली.

सकाळी तंबू गुंडाळून पाठीवर घेतला, तेव्हा मेंढरं उठून रस्त्याला लागली होती. काशीराम शेत बघत येत होता. लेंड्यांनी सगळं खाचर काळं पडलं होतं. तो खूष दिसत होता. मधोमध आला आणि थांबला.

“हे काय?”

मी बघितलं.

काळ्या खाचराच्या बरोबर मध्ये एक चौकोन. लांब, रुंद, चारी कोपरे नीट. भेगासुद्धा तशाच. एक लेंडी नाही, एक थेंब नाही.

“हितं काय झालं?” काशीराम म्हणाला.

“मी झोपलो होतो.”

“मधोमध?”

आबा काठी टेकत आले. त्यांनीही बघितलं. दोन म्हातारे कमरेवर हात ठेवून त्या चौकोनाकडे बघत राहिले, घरात साप निघाल्यासारखे.

“सकाळी बघू म्हणाला होतात,” मी म्हणालो. “सकाळ झाली. येऊ की जाऊ?”

आबांनी काठीच्या टोकानं चौकोनातलं एक ढेकूळ फोडलं.

“हो म्हणा, नाही म्हणा. पण बोला तरी. हा चौकोन राहणार हे काल माहीत होतं ना तुम्हाला? मग सांगितलं का नाही?”

“तू इचारलं न्हाईस.”

“विचारलं! तंबू कुठं लावू, म्हणून विचारलं!”

“कुठं लावू, इचारलंस,” आबा म्हणाले. “खाली काय ऱ्हाईल, कुठं इचारलंस?”

तेवढ्यात ठकूबाई पाटी घेऊन आली. मेंढरं दाटीनं बसली होती त्या कोपऱ्यातून लेंड्या भरायला लागली. म्हातारे उभेच. ती भरणार, ती वाहणार, ती पसरणार. चौकोन माझा.

मी पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि पाटी तिच्या हातातून ओढून घेतली.

“सोडा भाऊ, वास मारंल हाताला.”

“मारू दे.”

पहिली पाटी मी मधोमध ओतली.

“ढीग नको घालू,” काशीराम ओरडला. “पसर. हातानं पसर.”

हातानं पसरली. ओलं, गरम, नखांत जाणारं. दुसरी आणली. तिसरी. राग होताच, तो कुणावर होता ते मात्र कळेनासं झालं. म्हाताऱ्यावर, वडिलांवर, की त्या चौकोनावर. कडा बुजवल्या, कोपरे बुजवले. काशीराम पायानं उकरून बघत होता.

“हां,” तो शेवटी म्हणाला. “आता झालं,” आणि बांधाकडे गेला.

मी हात झटकले. वास गेला नाही.

“आबा, आता तरी सांगा. कुठं राहू मी?”

आबांनी काठीनं खाचर दाखवलं.

“काल कुठं निजला हुतास?”

“इथं.” मी दोन पावलं सरकलो. “नाही... इथं. तो बोर्ड समोर होता, म्हणजे...” अजून चार पावलं गेलो, परत फिरलो. खाली वाकलो. सगळं सारखंच. काळं. कोपरा नाही, कड नाही. “इथंच कुठं तरी होतं. आत्ता तर होतं...”

“सापडंना?”

“नाही.”

आबांनी चाती काढली. धागा दोन बोटांत धरला आणि मेंढरांच्या मागं चालायला लागले. बोलले तेही मागं न बघता.

“मग चल आमच्यासंगं पुढं.”