ओढ्यापलीकडचं पोळं

ओढ्याला बारमाही पाणी असायचं, तेव्हाची गोष्ट. अलीकडच्या जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं एक पोळं होतं, पलीकडच्या हिरड्याच्या ढोलीत दुसरं. जांभळाच्या दारावर केतकी नावाची माशी राखण करी. येणाऱ्याला हुंगायचं, घरचा वास आला की आत सोडायचं, एवढीच तिथली रीत.

एका संध्याकाळी एक दांडगा पतंग अंगाला घरचाच वास लावून आला. केतकीने त्याला आत सोडलं आणि त्याने निम्मा मध फस्त केला.

"राणीसाहेब, पलीकडे सांगून येते," केतकी म्हणाली.

"आणि चारचौघांत आपलं हसं करून घेतेस? गप्प बस."

केतकी गप्प बसली. खरं तर लाज तिलाही वाटत होतीच.

थोड्याच दिवसांत हिरड्यावरची एक माशी फाटक्या पंखांनी केतकीच्या दाराशी येऊन पडली. त्यांचं पोळं पार उजाड झालं होतं.

"आम्हाला संशय आला होता गं," ती म्हणाली. "दारात अडवलंही त्याला. तर म्हणाला, 'मी जांभळावरूनच येतोय. तिथून माझी काही तक्रार आली का?' आली नव्हती. मग आम्हीच बाजूला झालो."