जात्याचे दात

घरातल्या वस्तू माणसांशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. सारजाच्या घरी एक जातं होतं. वर्षातून एकदा पाथरवट यायचा आणि सूपभर ज्वारी घेऊन जात्याला टाकी लावून द्यायचा. टाकीने दगड खरबरीत झाला की दाणे नीट दळले जायचे.

मग गावात गिरणी आली. पाथरवट दारात आला की सारजा म्हणायची, "आता नको रे बाबा."

"लावून घे गं," जातं म्हणायचं, "माझे दात झिजलेत."

"तुला आता दळायचंय कुठे?" असं म्हणून तिने वरचा दगड न्हाणीत नेला आणि त्यावर धुणं आपटू लागली.

पुढे दुष्काळ पडला. गिरणी बंद झाली. सारजाने दगड परत बसवला, खुंटा ठोकला, घरात उरलेली ज्वारी घातली. खांदे भरून आले, पण दाणे अख्खेच बाहेर पडत राहिले.

"पाथरवटाला निरोप धाडते," ती म्हणाली.

"घरोघरी नको ऐकून तो केव्हाच गाव सोडून गेला," जातं म्हणालं.

त्या दिवशी पोरांनी नुसती उकडलेली ज्वारी चावली. सारजा दगडावरून हात फिरवत बसली. हात कुठेच अडत नव्हता.